दोशी : एका आडनावाची पाच शतके

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत देणगीदारांची, आजीव सभासदांची आणि दिवंगत विश्वस्तांची नामावली असते. ती चाळताना आपली दृष्टी नकळत आडनावांवर स्थिरावते. शहा, गांधी, मेहता, कोठारी, दोशी ही आडनावे पुन्हा पुन्हा येतात आणि आपण सहज म्हणतो, "हे आपल्यातलेच." त्याच आडनावाचा एखादा थोर पुरुष इतिहासात आढळला की त्याच्या कीर्तीचा थोडा प्रकाश आपल्याही अंगणात पडल्यासारखा वाटतो. हा आनंद निर्मळ आहे. परंतु आडनाव एक असले म्हणजे घराणे एक असते का? पंथ, गाव, विचार तरी एक असतात का? प्रस्तुत लेखात 'दोशी' या एकाच आडनावाच्या काही व्यक्तींचे स्मरण करून या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

शब्दाचे मूळ

महाराष्ट्रात या आडनावाची एक गंमत नेहमी अनुभवास येते. कारकुनाच्या हातून 'श'चा 'ष' झाला की सज्जन गृहस्थ कागदोपत्री 'दोषी' ठरतो. वस्तुतः या शब्दाचा दोषाशी काडीचाही संबंध नाही. संस्कृतात 'दूष्य' म्हणजे वस्त्र. वस्त्राचा व्यापार करणारा तो 'दौष्यिक'. प्राकृतात त्याचे 'दोसिय' झाले आणि जुन्या गुजरातीत 'दोसी'. आपल्या वाचकांना 'दूष्य' हा शब्द अपरिचित नाही. भगवान महावीरांच्या दीक्षेच्या वेळी इंद्राने त्यांच्या खांद्यावर ठेवलेल्या वस्त्राला श्वेतांबर परंपरेत 'देवदूष्य' म्हणतात, त्यातले दूष्य ते हेच.

म्हणजे दोशी हे मुळात कुळाचे नाव नसून धंद्याचे नाव आहे. सुगंधी द्रव्ये विकणारा तो गांधी, नाण्यांची पारख करणारा पारेख, कोठार सांभाळणारा कोठारी, रत्नांचा व्यापारी जव्हेरी, तसाच कापडाचा व्यापारी तो दोशी. अहमदाबादेत 'दोशीवाडानी पोळ' अद्याप आहे. मध्ययुगीन धातुप्रतिमांच्या मागील लेखांत दात्याच्या नावापूर्वी श्रेष्ठींसाठी 'श्रे.', साहूंसाठी 'सा.' तशी दोसींसाठी 'दो.' ही संक्षिप्त अक्षरे येतात. ज्या ज्या गावी कापडाचा व्यापार होता, त्या त्या गावी कोणी ना कोणी दोशी झाला. त्यामुळे हे आडनाव दिगंबरांत आहे, श्वेतांबरांत आहे आणि वैष्णवांतही आहे.

चितोडचे कर्माशाह

या नामावलीतील सर्वांत जुने आणि सर्वांत आदरणीय नाव चितोडच्या दोशी कर्माशाहांचे. तोलाशाहांचे हे पुत्र कापडाचे मोठे व्यापारी होते. श्री शत्रुंजय तीर्थाच्या उद्धारांच्या गणनेत पंधरावा उद्धार समराशाहांचा, इ. स. १३१५ मधला. त्यानंतरच्या आक्रमणांत तीर्थाची पुन्हा हानी झाली आणि मूळ नायकाची प्रतिमा खंडित राहिली. गुजरातेवर सुलतानांची सत्ता असताना जीर्णोद्धार करावयाचा तर सुलतानाच्या परवानगीवाचून तो शक्य नव्हता.

अशा काळात गुजरातचा एक शाहजादा, बहादूरखान, पित्यावर रुष्ट होऊन राज्याबाहेर पडला आणि काही काळ चितोडला येऊन राहिला. परंपरा सांगते की, परदेशी अडचणीत सापडलेल्या या राजपुत्राला कर्माशाहांनी द्रव्याचे साहाय्य केले. पुढे १५२६ मध्ये तोच बहादूरशाह या नावाने गुजरातच्या गादीवर बसला. कर्माशाह त्याच्या भेटीस गेले, तेव्हा त्यांनी पैसा मागितला नाही की जहागीर मागितली नाही. शत्रुंजयावर प्रतिमा स्थापन करण्याची अनुज्ञा तेवढी मागितली. फर्मान मिळाले आणि संवत् १५८७ च्या वैशाख वद्य षष्ठीस, म्हणजे १५३१ साली, आदीश्वर भगवानांची प्रतिष्ठा झाली. हाच सोळावा उद्धार. पालिताण्यास गेलेले यात्रिक ज्या मूळनायकापुढे हात जोडतात, ती प्रतिमा कर्माशाहांच्या काळची आहे. त्या वेळचा शिलालेख कर्माशाहांच्या कुटुंबाची वंशावळ सांगतो, आणि याच उद्धारावरील समकालीन प्रबंध पुढे मुनी जिनविजयजींनी संपादून प्रकाशात आणला.

या कथेला एक वेदनादायक शेवटही आहे. ज्या बहादूरशाहाला चितोडने आश्रय दिला, त्यानेच १५३५ मध्ये चितोडचा किल्ला जिंकून घेतला. राजाची कृतज्ञता क्षणभंगुर ठरली. व्यापाऱ्याने तिचा ज्या एका कामासाठी उपयोग करून घेतला, ते काम मात्र टिकले.

सोलापूरचे हिराचंद नेमचंद

आता चितोडहून थेट आपल्या सोलापुरास येऊ. मध्ये साडेतीनशे वर्षे गेली आहेत. पंथही वेगळा आहे, कारण कर्माशाह श्वेतांबर होते आणि गुजरातहून दक्षिणेत येऊन स्थिरावलेले सोलापूरचे हे दोशी घराणे दिगंबर. दोन्ही घराण्यांचे नाते जोडणारा कोणताही दुवा नाही. आहे ते केवळ आडनाव.

शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात सोलापुरातून 'जैन बोधक' हे मासिक सुरू केले. मराठीतील अगदी आरंभीच्या जैन नियतकालिकांत त्याची गणना होते. धर्मग्रंथ छापणे म्हणजे शास्त्राची आशातना, असे मानणारा वर्ग त्या काळी प्रबळ होता. अशा काळात मासिक चालविणे हेच धाडस होते. याच नियतकालिकाची आणि शास्त्रप्रकाशनाची परंपरा पुढे सोलापूरच्याच धर्मवीर रावजी सखाराम दोशी यांनी चालविली.

परंतु हिराचंदशेठचे सर्वांत मोठे कार्य मूडबिद्रीशी निगडित आहे. षट्खंडागमावरील आचार्य वीरसेनांच्या धवला टीकेच्या ताडपत्रीय प्रती मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत शतकानुशतके सुरक्षित होत्या. भाविकांना त्यांचे केवळ दर्शन घडे. जुन्या कानडी लिपीतील हे ग्रंथ वाचू शकणारे विद्वान हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि पाने जीर्ण होत चालली होती. १८८३ साली मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यात्रेनिमित्त तेथे गेले आणि ही अवस्था पाहून त्यांनी सोलापुरास हिराचंदशेठना पत्र लिहिले. दुसऱ्याच वर्षी हिराचंदशेठ स्वतः मूडबिद्रीस गेले. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री ही लिपी वाचू शकतात, हे पाहून प्रती उतरवून घेण्याचा विचार त्यांच्या मनात पक्का झाला.

विचार आणि कृती यांत दहा-बारा वर्षे गेली. अखेर वर्गणी जमली आणि १८९६ च्या सुमारास ब्रह्मसूरी शास्त्री व मिरजेचे गजपती उपाध्याय यांच्या हस्ते लेखनास प्रारंभ झाला. सर्व सिद्धांतग्रंथांच्या प्रती पूर्ण होण्यास जवळजवळ पाव शतक लागले. ग्रंथ मूडबिद्रीबाहेर जाऊ न देण्याचा तेथील आग्रह, लेखनिकांचे देहावसान, निधीची चणचण अशा अनेक अडचणी आल्या. तथापि या प्रयत्नांतूनच पुढे १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून धवलेचा पहिला खंड छापून बाहेर पडला आणि कालांतराने सोळा खंड पूर्ण झाले. ग्रंथांना वेष्टन घालण्याचे काम कापडाचेच. दोशी आडनावाच्या गृहस्थाने ते वेष्टन सोडविण्यासाठी खटपट करावी, हा योगायोग मनाला भावतो.

वालचंद आणि कंकुबाई

हिराचंदशेठचे पुत्र म्हणजे उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२-१९५३). आरंभी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली. पुढे नरोत्तम मोरारजी आदींसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी तिची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. परकीय कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या सागरी मार्गावर भारतीय मालकीच्या बोटीचे हे प्रस्थान इतके मोलाचे ठरले की, ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना आणि १९४४ मध्ये मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स, असे तीन मोठे उपक्रम त्यांनी पाच वर्षांच्या आत हाती घेतले. विशाखापट्टणमला बांधलेले 'जलउषा' हे जहाज १९४८ साली पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले. मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत धावलेल्या पद्मिनी टॅक्सी ही त्यांच्याच मोटार कारखान्याची निर्मिती.

विशेष असे की, या कर्तबगार पुरुषाने आपले आडनाव क्वचितच मिरविले. त्यांची ख्याती 'वालचंद हिराचंद' याच नावाने झाली. वालचंदनगर, सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, सोलापूरचे हिराचंद नेमचंद वाणिज्य महाविद्यालय, या कोठेही 'दोशी' हा शब्द आढळत नाही. आडनावाचा उच्चारही न करता त्यांनी त्याला कीर्ती मिळवून दिली.

हिराचंदशेठच्या कन्या कंकुबाई यांचे स्मरण मात्र तुलनेने कमी होते. त्या काळी वैधव्य आले की स्त्रीचे जग चार भिंतींत संपत असे. माणिकचंद जव्हेरींच्या कन्या मगनबाई यांच्यासह कंकुबाईंनी त्या भिंती ओलांडल्या आणि आपले आयुष्य जैन स्त्रियांच्या शिक्षणाला वाहिले. कारंज्याच्या श्राविकाश्रमाला त्यांचे नाव आहे. परंतु दोशी घराण्याची थोर माणसे मोजताना आपण पित्याला मोजतो, पुत्राला मोजतो आणि कन्येपाशी थबकतो. विवाहाने मुलीचे आडनाव बदलते आणि माहेरच्या वंशावळीतून तिचे नाव निसटते. आपल्या वंशावळींतील ही उणीव आपण मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

ब्रह्मचारी जीवराज

सोलापूरचेच दुसरे दोशी म्हणजे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद. संसारातून मन काढून घेतलेल्या या गृहस्थांना १९४० च्या सुमारास आपल्या न्यायोपार्जित संपत्तीचा विनियोग कसा करावा, ही चिंता लागली. त्यांनी उत्तर स्वतःच्या मनाने ठरविले नाही. निरनिराळ्या ठिकाणच्या विद्वानांची मते त्यांनी तोंडी व लेखी मागविली. १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळील गजपंथा क्षेत्री विद्वानांना एकत्र बोलावले आणि त्यांच्या विचाराने 'जैन संस्कृति संरक्षक संघ' स्थापन करून तीस हजार रुपयांचे दान जाहीर केले. १९४४ मध्ये सुमारे दोन लाखांची आपली सर्व संपत्ती त्यांनी या संघास विश्वस्तनिधी म्हणून अर्पण केली. १६ जानेवारी १९५७ रोजी त्यांनी समाधिमरण साधले.

या संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ 'तिलोयपण्णत्ति'. त्याचे संपादन कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांनी केले. आसामचे पंडित कृष्णकांत हंदिकी यांचा 'यशस्तिलक'वरील इंग्रजी ग्रंथही सोलापूरच्या याच मालेत १९४९ साली निघाला. ग्रंथकर्ता आपल्या प्रांताचा आहे का, आपल्या धर्माचा आहे का, असा प्रश्न ग्रंथमालेने विचारला नाही. ग्रंथ चांगला आहे का, एवढेच पाहिले. आणि पुढे धवलेचे खंड दुर्मीळ झाले, तेव्हा त्यांची सुधारित आवृत्ती काढण्याचे काम याच संघाने केले. एका दोशींनी ज्या ग्रंथाची प्रत उतरविण्यासाठी मूडबिद्री गाठली, तोच ग्रंथ दुसऱ्या दोशींच्या दानातून पुन्हा छापला गेला. दानशूरपणाची परंपरा रक्ताच्या नात्यावाचूनही पुढे जाते, याचे हे प्रत्यक्ष उदाहरण.

संघाबाहेर काढलेले पंडित

येथे एक नामसाधर्म्य लक्षात ठेवावे. पंडित बेचरदास जीवराज दोशी यांच्या नावातील जीवराज हे त्यांचे पिता. सोलापूरच्या ब्रह्मचारीजींशी त्यांचा संबंध नाही. बेचरदासजींचा जन्म १८८९ साली सौराष्ट्रातील वळा, म्हणजे प्राचीन वल्लभीपूर येथे, श्वेतांबर कुटुंबात झाला. काशीच्या यशोविजय पाठशाळेत अध्ययन करून ते प्राकृताचे आणि व्याकरणाचे अधिकारी विद्वान झाले. १९१९ साली मुंबईत त्यांनी एक व्याख्यान दिले. जैन साहित्यात विकार शिरल्यामुळे समाजाची कोणती हानी झाली, हा त्याचा विषय. व्याख्यानाने खळबळ उडाली आणि बेचरदासजींना संघाबाहेर काढण्यात आले.

दुसरा एखादा खचला असता. बेचरदासजी गुजरात विद्यापीठाच्या पुरातत्त्व मंदिरात गेले. कर्माशाहांचा प्रबंध संपादणारे मुनी जिनविजयजी तेथे प्रमुख होते. तेथे प्रज्ञाचक्षू पंडित सुखलालजींसह बेचरदासजींनी आचार्य सिद्धसेनांच्या 'सन्मतितर्क' या ग्रंथाचे व त्यावरील अभयदेवसूरींच्या प्रचंड टीकेचे अनेक वर्षे संपादन केले. १९३० च्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. सुटल्यावरही काही वर्षे त्यांना ब्रिटिश मुलुखात प्रवेशाची बंदी होती. पुढे अहमदाबादेत त्यांनी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना प्राकृत शिकविले आणि १९८२ मध्ये त्र्याण्णवाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर देह ठेवला. ज्या आगमांचा अभ्यास केल्याचे प्रायश्चित्त त्यांना मिळाले, त्याच आगमांच्या भाषेचा आधार म्हणून आजचे अभ्यासक त्यांचे व्याकरण उघडतात.

त्यांचे पुत्र डॉ. प्रबोध पंडित हे ख्यातनाम भाषाशास्त्रज्ञ. गुजराती ध्वनिविचारावरील त्यांच्या ग्रंथास १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. पित्याचा 'पंडित' हा गौरव पुत्राचे आडनाव झाला. कापडाच्या धंद्यावरून पडलेले नाव मागे राहिले आणि विद्येच्या व्यवसायावरून नवे नाव आले. आडनावे जन्मतात कशी, हे पाहण्यास शेकडो वर्षे मागे जावे लागत नाही. ते असे एका पिढीतही घडते.

आपल्या वर्तुळापलीकडे

वास्तुशास्त्रज्ञ बाळकृष्ण विठ्ठलदास दोशी यांचा जन्म १९२७ साली पुण्यात झाला. ते जैन नव्हते. त्यांचे कुटुंब गुजराती वैष्णव आणि व्यवसाय लाकडी सामानाचा. ल कॉर्ब्यूझिए या जगप्रसिद्ध वास्तुकाराच्या हाताखाली काम करून ते अहमदाबादेत स्थायिक झाले. इंदूरची 'अरण्य' ही अल्प उत्पन्न गटासाठीची वसाहत त्यांनी आखली. २०१८ साली प्रित्झकर पारितोषिक मिळविणारे ते पहिले भारतीय. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी बोलताना 'आपले दोशी' म्हणण्याचा मोह आपल्याला होतो. तो आवरावा आणि तरीही त्यांच्याविषयी आदर बाळगावा, यातच खरा विवेक आहे.

कलेतिहासाच्या क्षेत्रात श्रीमती सरयू दोशी यांचे नाव आदराने घेतले जाते. जैन चित्रकलेवरील त्यांचा १९८५ चा ग्रंथ आणि श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाच्या वर्षी, १९८१ मध्ये, त्यांनी संपादिलेला 'मार्ग'चा खंड यांमुळे पोथ्यांतील लघुचित्रे जगभरच्या रसिकांपर्यंत पोहोचली. कंकुबाईंना जन्माने मिळालेले हे आडनाव नोंदीत राहिले नाही. सरयूताईंना ते विवाहाने मिळाले आणि त्यांच्या लेखणीने ते ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आले.

उपसंहार

चितोडचे कर्माशाह, सोलापूरचे हिराचंद, वालचंद, कंकुबाई व जीवराज, वळ्याचे बेचरदास, पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण आणि मुंबईच्या सरयूताई. यांतील सोलापूरचे एक घर सोडले तर बहुतेकांची वंशावळ एकमेकांशी जुळत नाही. पंथ निरनिराळे, धर्मही सर्वांचा एक नाही. मग यांना एका लेखात बसविण्याचे प्रयोजन काय? आडनावाने त्यांना कोणता वारसा दिला, हे या चरित्रांत शोधू गेल्यास फारसे काही हाती लागत नाही. त्यांनी आडनावाला काय दिले, हे मात्र प्रत्येकाच्या चरित्रात लख्ख दिसते. कर्माशाहांनी उपकाराची परतफेड तीर्थासाठी मागितली. हिराचंदांनी बंद ग्रंथ उघडण्याची वाट शोधली. जीवराजांनी सर्वस्व दिले. बेचरदासांनी बहिष्कार सोसूनही ज्या शास्त्रावरून तो आला त्याचीच सेवा केली.

म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने एक नम्र विनंती करावीशी वाटते. आपापल्या घरातील जुन्या चोपड्या, वंशावळी, देरासरांतील व मंदिरांतील प्रतिमालेख यांच्या नोंदी वेळीच करून ठेवाव्यात. त्या करताना केवळ आडनाव लिहून थांबू नये. संपूर्ण नाव, पित्याचे नाव, मूळ गाव आणि केलेले कार्य लिहावे. अन्यथा दोन जीवराजांचा एक जीवराज व्हावयास वेळ लागत नाही. लेकी-सुनांची नावे लिहावीत. आणि एखाद्या काळी ज्यांना समाजाने दूर लोटले, त्यांचीही नावे लिहावीत, कारण पन्नास वर्षांनी त्यांच्याच नावाचा अभिमान बाळगण्याची पाळी आपल्या नातवंडांवर येऊ शकते.

कापड जुने झाले की विरते. नावाचेही तसेच आहे. ते प्रत्येक पिढीने नव्याने विणावे लागते. आपल्या संस्थेच्या शताब्दीच्या स्मरणिकेत जी नावे छापली जातील, ती धारण करणारी बालके आज आपल्याच घरांत खेळत आहेत. त्यांच्या हातून त्या नावांना अर्थ लाभो, हीच या मंगल प्रसंगी सदिच्छा.